सरळ माणसांना अडवणारा दांडा

मित्रांनो, सीमेवरच्या नाक्यावर रस्त्यात आडवा पडलेला जुना लोखंडी दांडा म्हणजे मी. आणलेल्या मालावर कर भरला की मी वर होतो, नाही भरला की आडवाच राहतो. माझे टोक जिथे संपते, त्याच्या पलीकडेच एक कोरडा ओढा आहे. ओढ्याला दांडा नाही. हे शेळ्यांनाही कळते, फक्त सरकारला कळत नाही.

मी नवा होतो तेव्हा कर हलका होता. ओढ्यात नुसते काटे. एवढ्याशा करासाठी पाय कोण सोलून घेणार? सगळे निमूट माझ्यापुढे उभे राहत. त्यांत घड्याळांची एक दुकानदारीण असे. पहारेकरी तिला घड्याळकाकू म्हणत. वडिलांचे दुकान ती एकटी चालवायची. पलीकडून घड्याळांची पेटी आणायची, कर भरायची आणि जाताना मला थाप मारायची. "बरा आहेस ना रे, दांडोबा?" मला फार बरे वाटे.

मग वरून हुकूम आला. कर तिप्पट! लगेच ओढ्यात पायवाट पडली आणि चोरून आणलेली घड्याळे बाजारात निम्म्या भावाने मिळू लागली. यावर सरकारने काय केले असेल? मला रंग दिला! जादा पहारेकरी आले आणि त्यांच्या पगारासाठी कर आणखी वाढला. कर वाढला तशी चोरी जास्तच परवडू लागली. पहारेकऱ्यांचे हात ओले करूनही चोरांना भरपूर उरे. मग मला हातभर लांब केले. जखम मांडीला आणि मलम शेंडीला! मी लोखंडाचा नसतो तर कपाळ बडवून घेतले असते.

एकदा काकू नाक्यावरच्या साहेबांना म्हणाली, "साहेब, गिऱ्हाईक येतं, भाव विचारतं आणि हसून शेजारच्या दुकानात जातं. असंच चाललं तर वडिलांच्या दुकानाला कुलूप लागेल. कर उतरवा म्हणून वर कळवा की!"

"किती वेळा कळवलं, काकू," साहेब वैतागून म्हणाले. "उत्तर म्हणून रंगाचे डबे येतात."

काकूने कर भरला. त्या दिवशी तिने थाप मारली नाही.

पुढच्या खेपेला पेटी काखेत धरून ती आली. माझ्यापाशी जरा थांबली, मग मान खाली घालून ओढ्याकडे वळली. काट्यात तिची बाही अडकली, ती तिने ओढून सोडवली. पहाऱ्यावरच्या हवालदाराने पाहिले आणि तोंड फिरवले. मला तिचा राग नाही आला. ज्यांनी तिला त्या काट्यांत ढकलले, त्यांचा आला.

मित्रांनो, मोठेपणी कर ठरवायच्या खुर्चीवर बसलात, तर माझी काळजी करू नका. काकूला सरळ वाटेने यायला परवडेल, एवढाच कर ठेवा. काल पुन्हा रंगाचे डबे आले. आज मी नव्यासारखा चकाकतो आहे, आणि माझ्यापुढे उभे राहायला कोणीही उरलेले नाही.