पुस्तिकेतली बुडालेली मुलगी

रोहायाच्या आवाजात जादू होती. ती बोलायला लागली की कोता भागातला रविवारचा गलबला, भाड्याच्या रंगीत सायकलींच्या घंटा, सरबतवाल्यांच्या आरोळ्या, सगळं मागे सरायचं आणि माणसं तिच्याभोवती आपोआप गोळा व्हायची. जकार्ताच्या या जुन्या भागात पाहुण्यांना पायी फिरवणारे वाटाडे पुष्कळ होते. पण हिरव्या झडपांच्या घरापाशी पाहुण्यांच्या डोळ्यांत पाणी आणावं ते रोहायानंच, असं बाकीचे वाटाडेही म्हणत. काही कौतुकानं, काही जळून.

ते घर कालव्याच्या काठाला होतं. खाली वखार, वर राहती जागा. आता दोन्हींना कुलूप. वरच्या मजल्याची एक झडप बिजागरीतून निखळून तिरकी लोंबत होती आणि रोहाया नेमकी तिच्याकडे बोट दाखवायची.

"या खिडकीत मेइ बसायची," ती सांगायची. "वखारीच्या मालकाची एकुलती एक लेक. बापानं तिचं लग्न भाताच्या गिरणीवाल्याकडे ठरवलेलं, आणि तिचा जीव जडलेला एका खलाशावर. खलाशी गेला तो परत आलाच नाही. लग्नाच्या आदल्या दिवशी मेइनं पांढरा पोशाख घातला, या खिडकीत उभी राहिली आणि खाली कालव्यात उडी घेतली. बाप मरेपर्यंत रोज संध्याकाळी या खिडकीत दिवा लावायचा. म्हणायचा, पोरीला परतीची वाट दिसू दे."

इथे ती थोडं थांबायची. मग खालच्या आवाजात, पांढऱ्या कपड्यांतली मुलगी अजून कोणाकोणाला दिसते ते सांगायची.

पाहुण्यांना ही गोष्ट इतकी आवडली की फेऱ्या काढणाऱ्या तिच्या कचेरीनं 'पाहुण्यांसाठी जकार्ता' या आपल्या पुस्तिकेत ती घराच्या फोटोसकट छापून टाकली. पुस्तिका हॉटेलांत, रेल्वे स्टेशनांवर फुकट मिळायची. कुठून कुठे जाईल याचा नेम नव्हता.

त्या रविवारी घोळक्यात कॉलेजच्या चार मुली होत्या, सुराबायाहून आलेलं एक जोडपं होतं, मोठ्या टोपीखाली लालबुंद झालेला एक परदेशी होता, आणि एक चिनी वळणाची म्हातारी. ऐंशीच्या पुढची, हातात काठी, केस घट्ट बांधलेले. सोबत पन्नाशीची मुलगी, रेत्नो. म्हातारीला सगळे ओमा म्हणू लागले, जसं अशा आजीबाईंना इथे म्हणतात तसं.

गोष्ट संपली. कॉलेजच्या मुलींपैकी एकीनं नाक पुसलं. परदेशी माणसानं तिरक्या झडपेचा फोटो काढला. ओमा मात्र काठीवर दोन्ही हात ठेवून वर बघत उभी होती, आणि तिचे खांदे हलत होते. रोहायाला वाटलं, म्हातारीला फारच लागलं. ती जवळ गेली तर ओमा हसत होती.

"रोहायाबाई," ती म्हणाली, "फेरी संपली की माझ्याबरोबर कॉफी घेशील का? मेल्यावर कॉफी पाजायची संधी रोज रोज येत नाही."

रोहायाला काही उमजलं नाही. वयानं डोकं हललं असेल, असं तिला वाटून गेलं.

जुन्या पुलापाशी फेरी संपली, पाहुणे पांगले. पुलापलीकडे झाडाखाली एक कॉफीची टपरी होती. तिथल्या लाकडी बाकावर तिघी बसल्या. ओमानं ग्लासातल्या कॉफीचा गाळ खाली बसू दिला. मग म्हणाली, "मेइ नाही. हिआंग. हिआंग निओ. आणि पांढरा पोशाख मी जन्मात कधी घातला नाही."

रेत्नोनं पिशवीतून ती पुस्तिका काढली. पुस्तिका घडी पडून मऊ झाली होती. "सेमारांग स्टेशनवर मिळाली," ती म्हणाली. "आईला सहज दाखवली, हे घर बघ किती छान आहे म्हणून. आई वाचत बसली आणि वाचून झाल्यावर म्हणाली, चल, मला माझं मरण बघायचंय. आम्हाला तोवर तिनं या घराबद्दल अवाक्षर सांगितलं नव्हतं."

रोहायाचा चेहरा उतरला. एवढी वर्षं ती ज्या मुलीला कालव्यात लोटत आली होती, ती समोर बसून बिस्किट कॉफीत बुडवून खात होती.

"ओमा, मला माफ करा. मला खरंच..."

"अगं, माफी कसली मागतेस? ऐकायला मजा आली. खलाशी काय, उडी काय!" ओमानं हात झटकला. "खलाशी नव्हता तो. छापखान्यात खिळे जुळवायचा. हार्जोनो. जावी माणूस, आमच्यासारखा चिनी नव्हे, आणि बोटं कायम काळी. बाबांना दोन्ही गोष्टी चालण्यातल्या नव्हत्या, ना जात ना बोटं. गिरणीवाल्याशी लग्न ठरलं होतं, तेवढं मात्र खरं सांगितलंस. मी उडीबिडी मारली नाही. भर दुपारी, बाबा जेवून वामकुक्षी घेत होते तेव्हा, पुढच्या दारानं बाहेर पडले. शिवणयंत्र सायकलरिक्षात घातलं आणि स्टेशन गाठलं."

"शिवणयंत्र?"

"मग? खिळे जुळवणाऱ्याच्या पगारावर दोघांची पोटं भरणार होती का?"

रेत्नो हसली. ओमा नाही हसली. ती ग्लास दोन्ही तळव्यांत फिरवत राहिली.

"सेमारांगहून मी घरी निरोप पाठवला होता. बाबांनी निरोप्याला सांगितलं, आमची मुलगी वारली. मग मीही मागे वळून बघितलं नाही. पण ते लोकांना काय सांगतात, हे मला कधी कळलं नाही. कशानं मेले म्हणून सांगितलं? तापानं? बाळंतपणात? एवढी वर्षं मनात यायचं. परवा तुमच्या पुस्तिकेत वाचलं की पाण्यात." तिनं रोहायाकडे सरळ पाहिलं. "आणि ते दिव्याचंही वाचलं. खिडकीत रोज दिवा लावायचे, ते. ते खरं का गं?"

ओमाच्या पलीकडे बसलेली रेत्नो डोळ्यांनी तिला विनवत होती. हो म्हण. एवढं हो म्हणून टाक, तुझं काय जातंय? आणि खरंच काय जात होतं? हो म्हटलं असतं तर म्हातारी आनंदानं गाडीत बसली असती. खोटं रोहायाला नवं नव्हतं, दर रविवारी ती तेच करत होती. पण ते कोणाला लागत नव्हतं. इथे समोरची बाई त्या दिव्याला हात लावून बघत होती, ऊब आहे का म्हणून.

दिवा कसा आला, ते तिला नीट आठवत होतं. वाटाड्या होऊन फार दिवस झाले नव्हते. एकदा घोळका कंटाळलेला दिसला, लोक घड्याळं बघायला लागले, आणि तिच्या तोंडून दिवा निघून गेला. लोकांनी मान वर केली. मग तो राहिला.

"ओमा," ती म्हणाली, "तो दिवा तुमच्या बाबांनी नाही, मी लावला. खलाशीही माझाच. पांढरे कपडेही."

रेत्नोनं कपाळाला हात लावला. ओमानं ग्लास बाकावर ठेवला.

"मला शंका आलीच होती," ती म्हणाली. "बाबा तेलाच्या बाबतीत पक्के चिक्कू. संध्याकाळी जेवतानासुद्धा वात खाली करायचे. रोज दिवा! छे." पण आवाज तिचा नेहमीचा नव्हता. गाडीत सेमारांगपासून इथवर तिनं तो दिवा जपून आणला होता, हे रोहायाला दिसत होतं.

"बुडाली, एवढं मात्र माझं नाही," रोहाया घाईनं म्हणाली. "ते मला नाइम आजोबांनी सांगितलं. तुमच्या वखारीत पोती उचलायचे ते, तरुणपणी. इथे मागच्या गल्लीतच राहतात. चलता का?"

"जिवंत आहे? मग चल की!" ओमा काठी टेकून उठलीसुद्धा.

नाइम आजोबा दारात खुर्ची टाकून, वर टांगलेल्या पिंजऱ्यातल्या पक्ष्याला शीळ घालून दाखवत होते. पक्षी काही केल्या शीळ घालत नव्हता. रोहायानं ओमा कोण ते मोठ्यानं दोनदा सांगितलं. आजोबांनी ओमाला पायांपासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"शेठची पोरगी? ती शिवणयंत्रवाली?"

"तुम्हाला ठाऊक होतं?" रोहाया थक्क झाली. "मला तर सांगितलंत, बुडाली म्हणून!"

"शेठ म्हणाले बुडाली, म्हणून आम्हीही म्हणायचो बुडाली. पगार त्यांचा खात होतो ना! आणि तू विचारलंस तेव्हा पाहुणे बरोबर होते तुझ्या. परक्यांपुढे शेठला खोटं पाडू?" आजोबा ओमाकडे वळले. "बाई, ते यंत्र रिक्षात चढवायला मीच हात दिला होता. तुम्ही आभारसुद्धा मानले नव्हते."

"घाईत होते," ओमा म्हणाली. "आता मानते."

"राहू दे आता. पण बुडालेल्या पोरीसाठी कोणी असं करत नाही, हे मला तेव्हाही कळायचं."

"असं म्हणजे?"

"समोरच्या वखारीत सेमारांगचे ट्रक यायचे, नारळाचा गूळ घेऊन. आमचा त्या मालाशी काही संबंध नव्हता. पण पावसाळ्यात ट्रक लागला की शेठ रस्ता ओलांडून जायचे. ड्रायव्हरला विचारायचे, काय रे, तिकडे पूर आहे का? पाणी कुठवर चढलंय? बस, एवढंच. दुसरं काही नाही. विचारून परत यायचे."

गल्लीत कोणीतरी भजी तळत होतं, त्याचा वास येत होता. ओमा खुर्चीच्या पाठीला धरून उभी होती.

"आमच्या घरात दरसाल गुडघ्याएवढं पाणी," ती स्वतःशीच म्हणाली. मग आजोबांना विचारलं, "ड्रायव्हर काय सांगायचे?"

"काय सांगणार? कधी म्हणायचे चढलंय, कधी म्हणायचे ओसरलं. ओसरलं म्हटलं की शेठ त्याला कॉफी पाजायचे."

"कॉफी? बाबा?" ओमाचा आवाज एकदम चढला. "स्वतःच्या पैशानं?"

"साखर घालून," आजोबा म्हणाले.

ओमा खुर्चीत बसली. तिनं पदर नव्हता म्हणून हातरुमाल तोंडाला लावला. आता तिचे खांदे हलत होते ते कशानं, हे रोहायानं निरखून पाहिलं नाही. रेत्नो तिच्या पायाशी उकिडवी बसून राहिली. नाइम आजोबा पुन्हा पक्ष्याला शीळ घालू लागले, अगदी हळू.

निघताना ओमानं गाडीत खायला म्हणून आणलेला बांबूच्या कोंबांच्या गुंडाळ्यांचा डबा आजोबांच्या मांडीवर ठेवला. रोहायानं विचारलं, परत एकदा घरापाशी जायचंय का? ओमानं नकारार्थी मान हलवली. "बघितलं. त्या घराला रंग हवा." स्टेशनच्या दारात तिनं रोहायाचा हात धरला. "खोटं बोलली असतीस तर मी तिथेच समाधान मानून घरी गेले असते. तुला नाइमकडे न्यायचं सुचलंच नसतं." मग म्हणाली, "पण पहिल्या क्षणाला तुझा फार राग आला होता, हेही सांगून ठेवते."

पुढच्या रविवारी रोहाया त्या घरापाशी आली. घोळका थांबला. तिनं झडपेकडे बोट दाखवलं नाही. "हे जुन्या वखारवाल्याचं घर," असं म्हणून पुढे निघाली. मागून एक पोरगा ओरडला, "आणि भूत?" लोक हसले.

कचेरीत पुस्तिकेचं काम बघणाऱ्या दानांगसाहेबांपर्यंत ते गेलं. पुस्तिकेची नवी आवृत्ती निघायची होती. रोहायानं त्यांना सगळं सांगितलं. ऐकून तेही हळहळले, पण म्हणाले, "गोष्ट सुंदर आहे गं, पण त्यात घडतं काय? म्हातारा ट्रकवाल्याला पाऊस विचारतो! भूत काढलंस तर त्या घरापाशी थांबणार कोण?"

"नाही थांबले तर नाही," रोहाया म्हणाली.

"तू म्हणतेस म्हणून एक पान रिकामं ठेवू?"

"पुलाचा मोठा फोटो टाका."

बरीच वादावादी झाली. दानांगसाहेबांनी तिला भाबडी म्हटलं, तिनं त्यांना भुतांचा दलाल म्हटलं. शेवटी पुलाचा फोटो छापला गेला. रोहायाच्या फेरीचं नाव थोडं मागे पडलं. दुसऱ्या एका वाटाड्यानं ती मेइ आणि खलाशी उचलून पलीकडच्या एका वखारीत नेऊन बसवले, आणि त्याचं बरं चाललं. रोहायाला ते खुपायचं. पण ती काही बोलली नाही, कारण ते मूळचे तिनंच मोकळे सोडलेले होते.

कधी कोणी आपणहून विचारायचं, ते हिरव्या झडपांचं घर कोणाचं? मग ती चालता चालताच सांगायची. मुलगी, शिवणयंत्र, भर दुपार, ट्रक, कॉफी. एकदा मेदानहून आलेल्या एका गृहस्थांनी सगळं ऐकून विचारलं, "मग बापानं तिला माफ केलं होतं म्हणायचं?"

रोहाया जरा थबकली. "ते मला ठाऊक नाही," ती म्हणाली. गृहस्थ थोडा वेळ त्या बंद दाराकडे बघत राहिले, आणि मग दोघं उन्हातून पुलाच्या दिशेनं चालू लागले.