माझ्या पोटातलं हळदीकुंकू

मी दुर्बीण बोलतेय. कृपया वाकून माझ्या पोटात डोकावू नका. डोळा लावायची जागा बाजूला आहे. संमेलनात दिवसभर हेच सांगावंसं वाटत होतं, पण तिथे बोलायचा मान पाहुण्यांचा.

माझा जन्म बार्शीचा. एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर धर्मपाल आणि त्यांची शिक्षिका मुलगी धम्मप्रिया यांनी अंगणात एका ड्रमवर जाड काच ठेवली, तिच्यावर दुसरी काच, मध्ये बारीक पूड आणि पाणी. मग ड्रमभोवती फिरत दोघं वर्षभर घासत राहिली. शेजाऱ्यांना वाटायचं, शेंगाचटणीचा धंदा काढलाय. घासून घासून काचेचा खोलगट आरसा झाला, त्यावर चकचकीत मुलामा चढला आणि तो प्लास्टिकच्या रुंद पाइपच्या तळाशी बसला. तीच मी.

आता धर्मपालांचे हात थरथरतात. निघताना ते लेकीला म्हणाले, "माज्या मागं तू एकटी पडशील, पोरी. कुणीतरी एक जण घासायला तयार झालं तरी लई झालं." त्या एका माणसासाठी आम्ही सोलापूरच्या खगोलप्रेमी संमेलनाला आलो. धम्मप्रियाला भाषणाला वीस मिनिटं मिळणार होती.

खगोलप्रेमी ही मोठी गोड जमात. कुठली दीर्घिका किती प्रकाशवर्षं दूर, हे तोंडपाठ. आणि गच्चीवर शेवटचं कधी गेलात विचारलं की खोकला येतो. माझ्या खांद्यावर हात टाकून त्यांनी सेल्फी काढले. "किती लांबचं दिसतं हो?" "हितनं आमचं दुधनी गाव दिसंल का?" मी घरी बनवलेली आहे असं कळलं, की "अरे वा" म्हणून मंडळी शेजारच्या परदेशी दुर्बिणीकडे सरकायची.

मग उद्घाटन. ट्रॅक्टर असो की झेरॉक्स मशीन, यंत्राची पूजा झाल्याशिवाय आपल्याकडे काही सुरू होत नाही. संयोजक सिद्धाराम तबक घेऊन आले. प्रमुख पाहुण्यांनी विचारलं, "कुंकू कुठं लावायचं?"

"तोंड हितंच हाय की, सर," सिद्धारामांनी माझ्या उघड्या तोंडाकडे बोट केलं.

पाहुण्यांनी हळद, कुंकू, अक्षता आणि वर झेंडूची फुलं माझ्या पोटात सोडली.

"अवो, आत नगा! आत आरसा हाय!" धर्मपाल ओरडले. टाळ्यांत कुणाला ऐकू गेलं नाही. फोटोग्राफर म्हणाला, "सर, परत एकदा." सरांनी परत एकदा सोडली.

तिकडे सभागृहात सत्कारांनी धम्मप्रियाच्या वीस मिनिटांची पाच करून ठेवली होती. लोक जेवायला उठतच होते. धर्मपालांनी मला मंचावर आणून तिला आत दाखवलं. तिचा चेहरा उतरला. मला वाटलं, आता ही रडणार.

तिनं भाषणाचा कागद बाजूला ठेवला. आरसा खोलून काढला, स्वयंपाकघरातून परात मागवली आणि आरशावर हळूहळू पाणी सोडू लागली. "पुसायचं नाही," ती माईकवर म्हणाली, "पुसलं की ओरखडे पडतात. नुसतं पाणी सोडायचं."

उठलेले लोक दारात थांबले, मग पुढे आले. परातीतलं लाल पाणी बघून कुणीतरी विचारलं, "आत एवढंच असतं?"

"एवढंच. आणि हे घरी करता येतं."

त्या दिवसातला पहिला खरा प्रश्न त्यानंतर आला: कशानं घासलंत? सिद्धाराम मात्र आरशावर राहिलेल्या पिवळ्या डागाकडे बघत होते.

संध्याकाळी डागासकट मी शनी दाखवला, कड्यासह. पाहुण्यांनी डोळा लावला आणि प्रसन्न होऊन म्हणाले, "बघा, पूजा फळली." धम्मप्रिया म्हणाली, "हो सर." धर्मपालांनी त्या दिवशी जेवणाला हात लावला नाही.

पुढच्या रविवारी बार्शीच्या अंगणात सिद्धाराम उभे. टॉवेलात गुंडाळलेली कोरी काच पोटाशी धरलेली. "काका, माज्यामुळं तुमच्या कष्टाला डाग लागला. रागवा, पण मला शिकवा की."

धर्मपालांनी ड्रम मध्ये ओढला, काच ठेवली आणि सिद्धारामांच्या हातांवर आपले थरथरते हात ठेवले. "दाबू नगा. नुसतं सरकवा."

दोघं ड्रमभोवती फिरू लागले. अंधार पडला, शनी वर आला, तरी मला गच्चीवर न्यायचं कुणाच्या लक्षात आलं नाही. मी थोडी रुसलेच, खोटं कशाला सांगू? पण काचेवर काच घासल्याचा आवाज येत होता आणि मला फार बरं वाटत होतं.