बमरोलीच्या खोलीतला नकाशा

मी जगाचा नकाशा आहे. जुना, कोपरे फाटलेला, पण अजून एकही देश गळलेला नाही हं! सुरतेत बमरोलीच्या एका खोलीत मी भिंतीवर असतो. मागावर काम करणाऱ्या उखाभाऊंनी मला रद्दीवाल्याकडून लेकीसाठी, वर्षासाठी, आणलं.

मित्रांनो, काय कौतुक व्हायचं माझं! वर्षा कॉलेजात आंतरराष्ट्रीय संबंध शिकत होती. कोणत्या देशाचं कोणाशी बिनसलं, कुठला करार मोडला, सगळं ती माझ्यावर बोट ठेवून पाठ करायची. जगभर काम करायचं, हा एकच ध्यास. गेल्या वर्षी परदेशातल्या विद्यापीठात तिला जागा मिळाली, शिष्यवृत्तीसुद्धा. फक्त पासपोर्ट यायचा होता. त्यासाठी पोलीस घरी चौकशीला येणार होते.

आणि नेमकी आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, आली. आखाजीला खानदेशातल्या लेकीबाळींनी गावी जायचंच.

वर्षाला इथंच थांबायचं होतं. ती म्हणाली, "बाबा, पोलीस येतीन ना! मी आठेच ऱ्हास."

"चार दिनमा काय व्हस? आखाजीले पोर नही ऊनी ते लोके काय म्हनतीन?"

तिला बापाचं मन मोडवेना. खोलीला कुलूप लागलं.

तिसऱ्याच दिवशी दार वाजलं. शेजारचे शालिग्रामकाका धावत आले. चांगलं सांगावं म्हणून पोलिसाला मोठ्या अभिमानाने म्हणाले, "साहब, गाँव में इनका बड़ा मकान है, खेती है. इधर तो बस काम के वास्ते पड़े रहते हैं." अहो, आत मी होतो, तिची पुस्तकं होती, अंथरुणं होती! पण मला तोंड कुठलं? पोलीस निघून गेला. 'शेजाऱ्यांच्या सांगण्यानुसार दिलेल्या पत्त्यावर राहत नाही' असा शेरा पडला.

पुन्हा अर्ज, पुन्हा फेऱ्या. पासपोर्ट आला तोवर तिकडचे वर्ग सुरू झाले होते. शिष्यवृत्ती दुसऱ्याला गेली. आपणच लेकीच्या वाटेत आडवे आलो म्हणून उखाभाऊ माझ्यासमोर बसून ढसाढसा रडले. "बेटा, मीच तुले आडा उनू." आता वर्षा साड्यांच्या गोदामात पार्सलांवर पत्ते लिहिते. माझ्याकडे बघतही नाही.

मित्रांनो, माझ्यावर धूळ बसली तर बसू द्या. पण शेजाऱ्याची चौकशी करायला कोणी आलं, तर त्याचा मोठेपणा सांगत बसू नका. इथंच राहतात, एवढंच सांगा. त्यांच्या बोलण्यामुळे वर्षाचं जाणं हुकलं, हे शालिग्रामकाकांना कोणी कळू दिलेलं नाही. ती दारात भेटली की ते लाडाने विचारतात, "काय वं बेटा, परदेशले कधय जाशी?"

वर्षा हसते आणि म्हणते, "जासू, काका."