उस्तादांच्या बुटातला खिळा

उस्तादांच्या उजव्या पायाच्या अंगठ्याखाली पंधरा दिवस भोक होतं, आणि उस्तादांचं एकच पालुपद, दुखत नाही ना, मग झालं! आयुष्यभर लोकांचे जोडे शिवले. साखरेच्या आजाराने तळपाय कधीच बधिर झालेले. जखमेतून पू यायला लागला, तेव्हा या शहाण्याने काय करावं? बुटात मऊ कातड्याचा थर चिकटवला आणि मशिनचं पायडल मारत बसला. अंगठा लालबुंद सुजला, अंगात कणकण आली. शेवटी लेकीने दुकानाला कुलूप ठोकलं आणि त्यांना ओढतच दवाखान्यात आणलं.

एक्स-रेत काहीच निघालं नाही. उस्तादांनी लेकीकडे असं काही तोऱ्यात पाहिलं की विचारू नका. हाडात जंतू शिरले तरी पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रेत दिसत नाहीत, एवढंच डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि बोथट सळई अलगद जखमेत घातली.

टक्.

कातड्यात भोक पाडायची आरी मऊ जाते आणि आत काही कडक असेल तर अशीच अडते, हे उस्तादांना कोणी शिकवायला नको होतं.

"हाड लागलं ना?"

"लागलं," बाई म्हणाल्या. "जंतू हाडापर्यंत गेलेत असं धरूनच चालू या." मग रक्त तपासायचं, एमआरआय काढायचा, हाडाचा कण काढून जंतू कोणते ते बघायचं, असं सगळं त्यांनी सांगितलं. उस्तादांना मात्र फक्त पायडल दिसत होतं. ते उजव्या पायाचं होतं.

"पाय राहील?"

एमआरआय बघितल्याशिवाय सांगता येणार नाही, असं उत्तर आलं.

मग बाईंनी बूट मागितला. आत हात फिरवून खिळ्याचं टोक शोधल्याशिवाय उस्तादांनी एकही जोडा गिऱ्हाइकाच्या हाती दिला नव्हता. लेकीलाही त्यांनी पहिलं तेच शिकवलेलं. स्वतःच्या बुटात खिळा शोधायला त्यांनी आज पहिल्यांदा हात घातला. त्या मऊ थरातून खिळा वर आला होता, त्यांनीच ठोकलेला. बोटाला रक्त आलं.

आणि बोट दुखलं.

अंगठा गेला, पाय राहिला. आता रोज सकाळी लेक त्यांच्या बुटात हात फिरवते, आणि उस्ताद मुकाट्याने गिऱ्हाइकाच्या बाकावर बसून राहतात.