वाजवून घेतलेला माठ

गिरिजाबाईनं माठावर टिचकी मारली आणि कान जवळ नेला. भद्द.

"हे न्हाई," असं म्हणत तिनं तो बाजूला सारला आणि दुसऱ्याला हात घातला.

टेंभुर्णीच्या बाजारात कुंभारांच्या ओळीत एकदम सामसूम झाली. बायनाबाई कुंभारीण गवताची चुंबळ वळत होती, ती तशीच हातात राहिली. माठ वाजवून घेण्यात नवल काहीच नाही, सगळा गाव वाजवूनच घेतो. पण बौद्धवाड्यातल्या बायांनी म्हणे दहा हात लांब उभं राहायचं, बोट दाखवायचं आणि बायनाबाई पुढे ढकलेल तो माठ मुकाट्यानं डोक्यावर घ्यायचा. आता बायनाबाई कोणता ढकलणार? जो दुसऱ्या कुणी घेतला नाही तो!

मागच्या उन्हाळ्यात गिरिजाबाईनं असे दोन माठ नेले होते. पहिला आठ दिवसांत तडकला. दुसरा एवढा पाझरायचा, की अर्ध्या कोसावरून आणलेलं पाणी सकाळपर्यंत अर्धं जमिनीत जायचं. यंदा लेक सत्यशीला बाळंतपणाला आली होती. यंदा पाझरका माठ घरात आणायचा नाही, असं ठरवूनच ती निघाली होती.

"अगं ए गिरजे! डोकं ठिकाणावर हाय का? हात काय लावून राह्यली?" बायनाबाई ओरडली.

"वाजवून राह्यले."

"बाटवले ना समदे! एकाला एक टेकून ठेवलेत. आता कोण घेईल हे?"

दुसराही भद्द वाजला. गिरिजाबाईनं तोही सारला.

"बायनाबाई, पौषात तळ्यातली माती कुणी खोदली? तुझ्या दारात पाट्या कुणी वतल्या? मी. तव्हा न्हाई बाटली माती. अन् भट्टीत जळून आली, मंग बाटली? तुझ्या विस्तवात येवढा बी दम न्हाई का?"

पलीकडच्या भाजीवाल्याला हसू आवरलं नाही. त्या हसण्यानं बायनाबाई जास्तच पेटली. तिनं मागच्या माठांच्या गाडीला टेकवलेली काठी उचलली.

"फोडून टाकीन! तू हात लावलेलं एकेक मडकं फोडीन!"

"फोड. तुझंच हाय."

गिरिजाबाईनं तिसरा वाजवला. ठण्ण! आवाज ओळीच्या टोकापर्यंत गेला. "हे बराबर हाय," म्हणत तिनं तो अलगद खाली ठेवला. चौथा त्याच्याहून खणखणीत निघाला. तो तिनं उचलून कडेवर घेतला.

काठी वरच राहिली. लाकडी थापीचे शेकडो फटके मारून माठांची ती पोटं बायनाबाईनंच गोल केली होती. तिचा हात काही खाली येईना. शेवटी तिनं काठी गाडीला टेकवली आणि म्हणाली, "पैसे खाली ठेव."

"हातात घे."

बायनाबाईनं इकडेतिकडे पाहिलं आणि पदराचा कोपरा पुढे केला. गिरिजाबाई तोंडातल्या तोंडात हसली. पदर तर पदर. तिनं पैसे त्यात टाकले, माठ डोक्यावर घेतला आणि निघाली.

दुर्गाबाई एवढा वेळ बाजूलाच उभी होती. मोठ्या घरची बाई, माठ घ्यायलाच आलेली, पण हे सुरू झालं तशी पदर आवरून मागे सरकलेली. गिरिजाबाई दहा पावलं गेली असेल, तोच मागून तिचा आवाज आला.

"बायना, मला एक माठ दे."

"देते की बाई. गाडीवरला काढते, त्याला तिचा हात न्हाई लागला."

दुर्गाबाईनं खाली ठेवलेल्या तिसऱ्या माठाकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, "गाडीवरला राहू दे. तो तिनं वाजवून ठेवला ना, तो दे." आणि वाकून तिनं तो उचललाही.

गिरिजाबाई जागीच थांबली. डोक्यावरचा माठ सावरत वळली आणि साऱ्या ओळीला ऐकू जाईल असं बोलली.

"खुशाल घ्या, दुर्गाबाई! पाझरला तर मला सांगायला या. बौद्धवाड्यात कुणालाबी इचारा, घर दाखवतील. पण यायचं ते घरात. लांबून हाक मारायची न्हाई!"

दुर्गाबाईनं मान वर केली नाही. हातातला माठही खाली ठेवला नाही.