तोरिकाबाईंचा वाडगा

मित्रांनो, जरा जवळ या आणि आवाज बेताचा ठेवा. मी एक जुना लाकडी वाडगा आहे, परातीएवढा रुंद आणि चार पायांचा. हल्ली मला गलका सोसत नाही. जन्मभर माणसांच्या तक्रारी ऐकून मी थकलो आहे.

माझा जन्म काम्बारा बेटावरचा. वेसी नावाच्या टणक झाडाच्या अखंड ओंडक्यातून तिथल्या कारागिरानं मला कोरून काढलं. माझ्या पुढच्या कानाला काथ्याची लांब दोरी बांधली आणि तिच्या टोकाला पांढऱ्या कवड्या लावल्या. यांगोना नावाच्या झुडपाच्या मुळांची पूड पाण्यात कालवायची आणि ते मातकट, जीभ बधिर करणारं पेय माझ्यातून करवंटीनं वाढायचं, हे माझं काम. बैठकीत जो मानाचा, त्याच्याकडे दोरी पसरतात. ती पसरली की बैठक उठेपर्यंत कुणी तिला ओलांडत नाही, अगदी रांगतं पोरसुद्धा आई उचलून घेते.

मला विकत घेतलं ते आमच्या बेटांच्या राजधानीतल्या, सुवामधल्या एका सरकारी कार्यालयानं. वीज आणि पाणी पुरवणाऱ्या कंपन्यांनी मनाला येईल तसे दर लावू नयेत आणि दर लावले तर नळाला पाणीही यावं, हे बघणं त्या कार्यालयाचं काम. तोरिकाबाई तिथे नुकत्याच प्रमुख झाल्या होत्या. दराचा निर्णय करण्याआधी त्या स्वतः गावात जाऊन चटईवर बसायच्या. पण यांगोना पुढे ठेवल्याशिवाय गावात तोंड कोण उघडणार? म्हणून त्यांच्याबरोबर मी, आणि मला सांभाळायला त्यांचा ड्रायव्हर सिमियोने. गाडीच्या मागे, होडीच्या तळाशी, कुठेकुठे मी आदळलो म्हणून सांगू!

आमची पहिली सभा डोंगरावरच्या वाइमातुआ गावात होती. कंपनीचे बडे इंजिनिअर आले होते. सिमियोनेनं रीतीप्रमाणे बाईंकडे दोरी पसरायला घेतली.

"माझ्याकडे कशाला?" बाई म्हणाल्या. "मी काय बादल्या वाहते? ती बघ, खांबाशी बसलीय. तिच्याकडे वळव."

खांबाशी उलामिला बसली होती. वरच्या आळीत नळ पोचलाच नव्हता आणि ओढ्याचं पाणी वाहून तिचे खांदे वाकले होते. सगळे चपापले. बाईंनी गावच्या मुखियाकडे पाहून हात जोडले. म्हातारा गालात हसला.

"तुमची सभा, तुमची दोरी," तो म्हणाला. "पण ती एकदा बोलायला लागली की आवरत नाही, आधीच सांगतो."

उलामिला खरंच आवरली नाही. इंजिनिअरसाहेबांना मध्येच काम आठवलं. पण दार दोरीच्या पलीकडे होतं. मागून निघावं, तर भिंतीला टेकून बायका दाटीवाटीनं बसलेल्या आणि एकही तसूभर सरकेना.

"निघालात होय साहेब?" एकीनं विचारलं. "बसा की! आमचं पाणीपण असंच खाली अडकलंय."

सभा खदखदून हसली. साहेब परत बसले, करवंटीमागून करवंटी प्यायले आणि सगळं ऐकून घेतलं. वरच्या आळीत नळ पोचल्याशिवाय दर वाढणार नाही, असा निर्णय बाईंनी दिला. नळ पोचला. पुढे प्रत्येक गावात दोरी गाऱ्हाणं मांडणाऱ्याकडेच वळत राहिली आणि मला स्वतःचा फार अभिमान वाटायचा.

पण दरवेळी टाळ्या पडत नसत, मित्रांनो. एका मोठ्या वादळात विजेचे खांब गवतासारखे झोपले. ते पुन्हा उभे करायचे तर दर वाढवणं भाग होतं आणि बाईंनी वाढवू दिले. त्यानंतर एका किनाऱ्यावरच्या गावात आम्ही गेलो, तर लोकांनी बाईंनी पुढे ठेवलेली यांगोना स्वीकारलीच नाही. मुळांची जुडी तशीच चटईवर पडून राहिली. मी कोरडा, दोरी गुंडाळलेली. एवढा अपमान मी कधी सोसला नव्हता.

"चला बाई," सिमियोने पुटपुटला. "हे काही बोलायचे नाहीत."

"बोलायचं नसेल तर नको. रागवायचं असेल, तर समोर कुणीतरी हवं ना?" असं म्हणून बाई दुपार सरेपर्यंत तिथे बसून राहिल्या. परतताना गाडीत त्या नुसत्या गुडघे चोळत होत्या. नळाला पाणी आलं म्हणून आभार मानायला त्यांच्याकडे कधी कुणी आलं नाही. पाणी गेलं की मात्र सगळ्यांना त्यांचं दार बरोबर सापडायचं.

पुढे बाईंचे गुडघे अगदीच गेले. सभा संगणकावर होऊ लागल्या आणि मी कपाटावर चढलो. कुणी माझ्यात टाचण्या टाकल्या, कुणी गोळ्यांचे कागद. पंख्याचा वारा सतत अंगावर. आमच्या लाकडाला भिजण्याची सवय असते, कोरडं पडलं की ते तडकतं. माझ्या काठापासून बुडापर्यंत एक बारीक भेग गेली. ती कुणाला दिसली नाही. मला फार एकटं वाटायचं.

अखेर बाईंच्या निरोपाचा दिवस आला. सिमियोनेनं मला उतरवून खोबरेल चोळलं. भिंतींवर मासी, म्हणजे झाडाच्या सालीचं नक्षीदार कापड, बाईंच्या गळ्यात फुलांचे हार आणि पहिल्या रांगेत मंत्री. दोरी त्या दिवशी बाईंकडे होती आणि ते योग्यच होतं. त्यांच्या जागी येणारे विनेश भाषणाला उभे राहिले.

"बाईंची आठवण म्हणून हा वाडगा आपण काचेच्या कपाटात ठेवणार आहोत," त्यांनी जाहीर केलं. "खाली पितळी पाटीवर बाईंचं नाव!"

टाळ्यांचा कडकडाट झाला आणि मी घाबरलो. काचेत म्हणजे पुन्हा कधी पाणी नाही. माझी भेग वाढत जाणार आणि दोरी पुन्हा कुणाकडे वळणार नाही.

तेवढ्यात मागून काठी वाजली. उलामिला! आता पार म्हातारी झालेली, हातात गावाकडून आणलेली यांगोनाची जुडी.

"बाईंना गावाचा नमस्कार," ती म्हणाली. "मागच्या वादळात डोंगर खचला, तेव्हापासून वरच्या आळीला पुन्हा पाणी नाही. संगणकावर सांगितलं, पण तो काही बोलत नाही. आता बाई चालल्या. मग आम्ही सांगायचं कुणाला?"

"आजी, आज समारंभ आहे हो," विनेश हळूच म्हणाले. "हे आपण नंतर बघू."

"नंतरच बघताय, पोरा. मी काय तेवढी जगणार आहे?"

कुणी हसलं नाही. बाईंनी एकेक करून गळ्यातले हार काढले. मग पुढे वाकून कवड्या उचलल्या, बसल्या जागेवरून दोरी आपल्याकडे ओढून घेतली आणि गुंडाळी विनेशच्या हातात ठेवली.

"मी दमले रे," त्या म्हणाल्या. "माझं झालं. आता दोरी कुणाकडे टाकायची, ते तू ठरव."

विनेशनी मंत्र्यांकडे पाहिलं. मंत्री छताकडे पाहत होते.  मग विनेश चटईवर गुडघे टेकून बसले आणि दोरी उलामिलापर्यंत पसरली. जुडी स्वीकारून कुटली गेली. कितीतरी वर्षांनी माझ्यात पाणी पडलं. भेगेतून ते पाझरून चटई भिजली, पण कुणी मला बाजूला सारलं नाही. तोरिकाबाई भिंतीला टेकून डोळे मिटून ऐकत होत्या. त्या दिवशी मला त्यांचा चेहरा पहिल्यांदा निवांत दिसला.

मित्रांनो, दमलेल्या माणसाचा सत्कार जरूर करा, पण त्याचं काम काचेत ठेवू नका, ते हातात घ्या. आणि माझ्यासारखं एखादं जुनं भांडं कपाटावर दिसलं, तर त्यात थोडं पाणी ओता.

उद्या आम्हाला वाइमातुआला जायचं आहे. विनेशनी मला काठोकाठ भरून ओसरीवर ठेवलंय. भेग अजून पाझरते आहे. पण सिमियोने सांगून गेलाय, की भिजत ठेवलं तर हे लाकूड फुगून आपली भेग आपणच मिटवतं.