दोन डब्यांतल्या पुंगळ्या

व्हर्लिनने घासणीच्या यंत्राचं झाकण उघडलं आणि तो बघतच राहिला. अक्रोडाच्या टरफलांच्या भुशात घासून निघालेल्या काडतुसांच्या रिकाम्या पितळी पुंगळ्या चकाकत होत्या, पुन्हा दारू-गोळी भरायला तयार. पण एवढ्या? दोन्ही डबे एकाच यंत्रात कसे आले?

पुन्हा पहिल्यापासून आठवून पाहिलं. एका डब्यातल्या एकदाच वापरलेल्या. दुसऱ्यातल्या सहा वेळा वापरलेल्या, म्हणजे टाकायच्याच. कितीदा वापरल्या याच्या शाईच्या खुणा बुडावर होत्या, त्या भुशाने पुसल्या. मग दुसरा डबा ओतला कोणी?

"तूच ओतलास, बाबा," दारातून जनेल म्हणाली. "मी टोकलं, तर म्हणालास, बापाला शिकवू नकोस."

असं तो म्हणाला? त्याला आठवेना. उद्यापासून एल्क हरणांच्या शिकारीचा हंगाम, आणि याच पुंगळ्या लेकीच्या रायफलीत जाणार होत्या. दमलेली पुंगळी बुडाशी फाटली, तर आग सरळ तिच्या तोंडावर.

त्याने तारेचं टोक वाकवून एका पुंगळीत फिरवलं. आत बुडाशी बारीक चर लागला, फाटायला आल्याची खूण. दुसरीत लागला. तिसरीतही. की नुसता भास?

"तू बघ गं."

तिने तार फिरवली. "मला तर काहीच लागत नाही."

पुन्हा पहिल्यापासून... पण पहिलं काही आठवतच नव्हतं. व्हर्लिनने पक्कड उचलली आणि पुन्हा भरताच येऊ नये म्हणून एकेका पुंगळीचं तोंड चेपायला घेतलं.

"अरे, चांगल्यासुद्धा?"

"चांगल्या कुठल्या ते दाखव, ठेवतो."

जनेलने ढिगातली एक उचलून निरखली, परत टाकली. मग तिनेही पक्कड शोधली.